फायबरच्या जुन्या होडीतलं रेझिन आलं कुठून

जुनी फायबरची होडी दुरुस्तीला काढली आणि ग्राइंडर लावला की पांढऱ्या धुळीसोबत तो ओळखीचा उग्र गोडसर वास येतो, होडी पन्नास वर्षांची असली तरी येतो. तो वास स्टायरीनचा, म्हणजे रेझिन पातळ करायला घालतात त्या द्रवाचा. आणि खरं सांगायचं तर सगळी गोष्ट त्या स्टायरीनपासूनच सुरू होते.

फायबरची होडी म्हणजे काचेचं कापड आणि त्यात मुरवून कडक केलेलं पॉलिएस्टर रेझिन, एक प्रकारचं द्रव प्लास्टिक. ते रेझिन नुसतं असलं तर घट्ट मधासारखं, काचेच्या कापडात मुरणार तरी कसं. कार्लटन एलिस नावाच्या अमेरिकन केमिस्टने त्यात स्टायरीनसारखे पातळ मोनोमर (रेझिनशी जोडले जाणारे छोट्या रेणूंचे द्रव) घालून पाहिले, तर रेझिन पातळही झालं आणि कितीतरी लवकर कडकही व्हायला लागलं. पेटंटचा अर्ज 1937 चा, मंजुरी 1941 ची, आणि त्याच वर्षी जानेवारीत बिचारा गेला, त्याच्या रेझिनची होडी काही त्याला बघायला मिळाली नाही.

काचेचं निराळंच. 1932 मध्ये डेल क्लाइस्ट काचेच्या विटा जोडायची खटपट करत होता, वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काच धागे होऊन उडाली. त्यातून पुढे 1938 मध्ये काचेचे धागे बनवणारी ओवेन्स कॉर्निंग कंपनी उभी राहिली, ओहायोतल्या टोलेडोला. त्याच गावात रे ग्रीन होड्या बांधायचा, आणि 1942 मध्ये त्याने काच आणि पॉलिएस्टर एकत्र करून छोटी शिडाची होडी काढली. मग युद्धात विमानांच्या रडारवरची झाकणं या मटेरियलची झाली आणि युद्ध संपल्यावर ते होडीवाल्यांच्या हाती लागलं.

तरी लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन चुलतभावांची ट्रायटन ही शिडाची होडी आली, 28 फूट, कार्ल आल्बर्गचं डिझाइन, आणि तिथून फायबरची होडी साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली. त्या काळचे हल, म्हणजे होडीची खालची धडं, चांगले जाडजूड असतात, कारण काच किती भार घेते याचा अनुभवच कुणाकडे नव्हता, म्हणून थरावर थर चढवायचे. आज दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा फायदाच होतो, हल सहसा ठणठणीत निघतो आणि रडवतो तो डेक, म्हणजे वरचा मजला, कारण आत बाल्सा लाकूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याने त्याचा लगदा झालेला असतो.

हलवर येणाऱ्या फोडांचं प्रकरण नंतर गाजलं. जेलकोटमधून, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी हळूहळू आत झिरपतं, रेझिनमध्ये न जुळता उरलेली ग्लायकॉल वगैरे रसायनं त्यात विरघळतात आणि मग ती आणखी पाणी ओढून घेतात. फोड टोचला की चिकट पाणी बाहेर येतं, वास थेट व्हिनेगरचा (डोळ्याला चष्मा लावूनच टोचा, आत प्रेशर असतं). याचं खापर बरेच जण 1973 च्या तेलटंचाईवर फोडतात, रेझिन महागलं म्हणून कंपन्यांनी हात आखडता घेतला वगैरे. मला ते अर्धंच पटतं, त्याआधीच्या होड्यांनाही फोड आलेत की. पण पुढे बाहेरच्या थराला साध्या ऑर्थो जातीच्या पॉलिएस्टरऐवजी पाण्याला जास्त दाद न देणारं आयसो आणि नंतर व्हिनायलएस्टर रेझिन वापरायला लागले ते याच्यामुळेच.

आता हाताशी येणारा भाग. हवेतला ऑक्सिजन या रेझिनला वरून नीट सुकू देत नाही, वरचा थर चिकट राहतो. सुरुवातीला हा दोष वाटतो पण थरावर थर देताना तोच चिकटपणा कामाला येतो, शेवटच्या हाताला तेवढं मेण घातलेलं रेझिन घ्यायचं म्हणजे मेण वर तरंगून हवा अडवतं. जुन्या सुकलेल्या हलवर मात्र असली केमिकल पकड मिळत नाही, तिथे खरवडून खडबडीत केलेला पृष्ठभाग धरेल तेवढंच, म्हणून भोक पडलं असेल तर कित्येक जण तिथे सरळ इपॉक्सी, म्हणजे जास्त घट्ट चिकटणारं वेगळ्या जातीचं रेझिन, वापरतात.

आपल्याकडे दुकानात रेझिनसोबत बऱ्याचदा दोन बाटल्या वेगळ्या मिळतात, एकात जांभळट कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारं), दुसऱ्यात पाण्यासारखं हार्डनर (रेझिन कडक करणारं). कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मग हार्डनर साधारण एक-दोन टक्के. दोन्ही थेट एकमेकांत कधीच ओतायची नाहीत, एकाच मापाच्या भांड्याने घ्यायचीही नाहीत, जागेवर भडका उडतो.