नैराश्यावरील उपचार आणि गोव्यातील दहा आरोग्य केंद्रे

नैराश्यावरील परिणामकारक उपचार अनेक दशकांपासून ज्ञात आहेत. मात्र ज्यांना त्यांची गरज आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या वाटेवर ते येतच नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. नैराश्य, चिंताविकार यांसारखे सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नसल्याचे त्यात दिसून आले. याचे कारण विचारले की ‘लोक काय म्हणतील’ या भीतीकडे बोट दाखवले जाते. ती भीती खरी आहे, परंतु सगळा दोष तिच्यावर टाकणे सोयीचे असल्यामुळेच तसे केले जाते, असे मला वाटते. देशात लाख लोकसंख्येमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, जे आहेत ते प्रामुख्याने शहरांत आहेत आणि खेड्यातून त्यांच्यापर्यंत जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

शिवाय या ८५ टक्क्यांतील बरेच लोक कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे जातच असतात. झोप लागत नाही, अंग दुखते, सतत थकवा असतो, डोके जड राहते, अशा तक्रारी घेऊन ते प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात आणि जीवनसत्त्वाच्या नाहीतर वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातात. मग नैराश्याचा उपचार तिथेच देता येईल का, आणि तो तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीने दिला तर चालेल का? आशियात या प्रश्नाचा सर्वाधिक काटेकोर अभ्यास जिथे झाला, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे गोवा. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगत’ ही संस्था स्थापन केली.

संगतच्या ‘मानस’ या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिच्यात १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने होते. यांपैकी निम्म्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक नेमण्यात आले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांतील सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नाही. या निष्कर्षाची चर्चा कमी होते, पण माझ्या मते तो फार बोलका आहे. संशोधकांनी त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे दिले की वर्षानुवर्षे ओळख असलेला कुटुंबाचा डॉक्टर रुग्णाचे ऐकून घेतो, त्याला धीर देतो, आणि त्यामुळे समुपदेशकाने वेगळे भर घालण्यासारखे तिथे फारसे उरत नसावे. सरकारी केंद्रात, जिथे डॉक्टरला एका रुग्णासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात, तिथे उणीव नेमकी याच गोष्टीची असते.

पुढच्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेल्यांकडे लक्ष वळवण्यात आले. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ४९५ प्रौढ व्यक्ती निवडण्यात आल्या. नऊ प्रश्नांच्या एका प्रमाणित प्रश्नावलीत २७ पैकी १४ हून अधिक गुण मिळालेल्यांनाच तिच्यात घेतले होते, म्हणजे थोडेसे उदास असलेल्या लोकांचा हा गट नव्हता. सर्वांच्याच बाबतीत डॉक्टरला निदान कळवण्यात आले आणि उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे देण्यात आली. निम्म्या रुग्णांना त्याशिवाय ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ नावाचा उपचार मिळाला. आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी, असे त्याचे स्वरूप होते.

या उपचाराचा गाभा ‘वर्तन-सक्रियता’ हा आहे. नैराश्य आलेला माणूस हळूहळू गोष्टी सोडत जातो. भजनाला जाणे थांबते, शेजारणीशी बोलणे कमी होते, हातातले शिवणकाम बाजूला पडते. यातली प्रत्येक गोष्ट थोडेसे समाधान, कोणाची तरी सोबत, काहीतरी पार पाडल्याची भावना देत असते. ती बंद झाली की मन आणखी खचते आणि खचलेले मन आणखी काही सोडून देते. बरे वाटले की कामाला लागू, असे आपण म्हणतो. हा उपचार तो क्रम उलटा करतो. समुपदेशक रुग्णासोबत बसून त्याच्या दिवसभराच्या कृती आणि त्या-त्या वेळची मनःस्थिती यांची नोंद पाहतो, रुग्णाला स्वतःला मोलाची वाटणारी एखादी लहानशी कृती ठरवतो, ती कधी आणि कोणाबरोबर करायची हे निश्चित करतो आणि पुढच्या भेटीत काय घडले ते विचारतो. दारू पिणारा नवरा, कर्ज, घरातील भांडण अशा अडचणी आड येत असतील, तर त्या सोडवण्याच्या पायऱ्याही याच भेटींत येतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये बोधात्मक वर्तनोपचाराचे (विचार आणि वर्तन दोन्ही बदलू पाहणाऱ्या उपचाराचे) घटक सुटे करून तपासले, तेव्हा सक्रियतेचा भाग एकटाच संपूर्ण उपचाराइतका परिणाम देतो असे दिसले होते. विचारांची गुंतागुंत उलगडण्यापेक्षा हा भाग शिकवायला सोपा असल्यामुळे मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांच्या हाती तो देणे शक्य झाले.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता, मात्र दोन गटांतील अंतर कमी झाले होते. परिणामाचा निम्म्याहून अधिक भाग रुग्णांची सक्रियता वाढल्यामुळे घडला, असे विश्लेषणातून दिसले. म्हणजे उपचार ज्या मार्गाने काम करील असे मानले होते, त्याच मार्गाने बऱ्याच अंशी त्याने काम केले.

हा उपचार देणारे ११ समुपदेशक स्थानिक होते आणि मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वप्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आधी तीन आठवड्यांचा अभ्यासवर्ग झाला, त्यानंतर सुमारे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांसोबत उमेदवारी. दर आठवड्याला ते एकत्र जमत, एखाद्या भेटीचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरावीक मापदंडांवर एकमेकांना गुण देत. हे गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत असत, त्यामुळे तज्ज्ञाने प्रत्येक बैठकीला हजर राहण्याची गरज उरली नाही. या योजनेचे खरे मर्म माझ्या मते इथे आहे, आणि अनुकरण करताना नेमके हेच आधी गळते.

पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात याच दिशेचा प्रयोग आधीच झाला होता. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’, म्हणजे सरकारी आरोग्य सेविका, गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या घरी जातच असत. बाळाच्या वाढीविषयी बोलता बोलता त्यांनी आईच्या नैराश्यावरचा उपचारही दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सहा महिन्यांनंतर उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के आणि इतर मातांपैकी ५३ टक्के अजून नैराश्यात होत्या. बाळाच्या निमित्ताने होणाऱ्या भेटीला सासूचाही विरोध नसतो, हे त्या संशोधकांनी अचूक हेरले होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. गावागावांतील बैठका, स्थानिक कार्यकर्ते आणि समुपदेशक, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. आधीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणांची ही तुलना आहे, तुलनागट असलेली चाचणी नव्हे, त्यामुळे तिचे वजन थोडे कमी धरावे लागेल. तरीही, सेवा दारात आली तर ‘लोक काय म्हणतील’ची धार कमी होते, एवढे त्यातून दिसते.

आता ही कामे आशा सेविकांवर सोपवावीत असा सूर सरकारी चर्चांत ऐकू येतो. रावळपिंडीचा दाखला त्याच्या बाजूने देता येतो, हे मान्य. पण आपल्याकडील आशा सेविकेच्या शिरावर लसीकरण, प्रसूती, सर्वेक्षणे यांचा भार आहे आणि तिला पगार नव्हे, मानधन मिळते. गोव्यातील समुपदेशकांचे काम समुपदेशन हेच होते आणि त्यांच्यामागे दर आठवड्याचे पर्यवेक्षण होते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. पण तीव्र नैराश्यातील माणूस फोन उचलण्याचेही बळ गमावून बसलेला असतो. सहा-आठ आठवडे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या व्यक्तीसाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पगारी पद निर्माण करावे लागेल, आणि तिच्या कामाच्या पर्यवेक्षणाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी लागेल.