हप्ता थांबला म्हणजे कर्ज माफ झाले नाही

2020 च्या टाळेबंदीत कर्ज डोक्यावर असलेल्या अनेकांनी धरून चालले होते की सहा महिन्यांचे हप्ते माफ झाले. ते माफ झाले नव्हते, फक्त पुढे ढकलले गेले होते. हप्ता स्थगिती आणि कर्जमाफी या दोन गोष्टींची सरमिसळ कोकणात अजूनही होते, आणि त्याची किंमत कर्जदारच मोजतो.

कर्जमाफीत ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे कर्ज सरकार आपल्या तिजोरीतून बँकेला भरते आणि शेतकरी मोकळा होतो. स्थगितीत कोणीच काही भरत नाही. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 रोजी बँकांना तीन महिन्यांची मुभा दिली, मग ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता न भरल्याने खाते थकीत धरले जाणार नव्हते. व्याज मात्र चालूच होते.

हिशेब करून बघा. निवास-न्याहारीच्या खोल्यांसाठी काढलेल्या कर्जातले 6 लाख बाकी आहेत, व्याज 10 टक्के, मुदत सात वर्षे उरलेली, म्हणजे हप्ता साधारण 9,960 रुपये. सहा महिने थांबलात तर सुमारे 30,000 रुपये व्याज मुद्दलात जमा होते. हप्ता तेवढाच ठेवला तर ते फेडायला आणखी सहा-सात हप्ते लागतात. सहा महिन्यांच्या सवलतीने कर्ज जवळपास वर्षभर लांबते! पुढे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिलासा दिला तो त्या काळातल्या व्याजावरच्या व्याजापुरता. मूळ व्याज कर्जदारालाच भरावे लागले.

तरीही स्थगिती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळपास 24 टक्क्यांनी घसरले. सगळी खाती एकदम बुडीत गेली असती तर बँकांनी नवी कर्जे देणेच थांबवले असते. ज्याची कमाई पुन्हा सुरू होणार आहे, त्याला सवड पुरते.

पण तारकर्लीच्या खोल्या मे महिन्यात रिकाम्या राहिल्या, तर तो मे पुढच्या वर्षी दोनदा येत नाही. श्रीवर्धन-दिवेआगरची गोष्ट आणखी कठीण. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे जातात. तिथे सहा महिन्यांची सवड देऊन काय होणार? अशा ठिकाणी थेट मदत हवी, नाहीतर मुदत आणि हप्ता दोन्ही नव्याने बांधून द्यायला हवेत.

कर्जमाफी त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती. राज्याची 2019 ची दोन लाखांपर्यंतची माफी पीककर्जासाठी होती, तीही 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेल्या खात्यांना. पर्यटनाचे किंवा होडीचे कर्ज त्यात बसत नव्हते. वेळेवर फेडणाऱ्या बागायतदारालाही माफी नव्हती. त्याच्यासाठी 50,000 रुपयांपर्यंतचे प्रोत्साहनपर अनुदान वेगळे जाहीर झाले. हा भेद मला आजही अन्यायाचा वाटतो.

पुढच्या वेळी बँकेत स्थगितीच्या अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: व्याज चालू राहणार का, ते मुद्दलात मिळवणार का, आणि नंतर हप्ता वाढणार की मुदत. हातात थोडे पैसे असतील तर निदान व्याजापुरते तरी भरत राहा.