दार्जिलिंगला ठेवलेल्या काचा

कोलकात्यात राजाबाजारला, आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्यावर, कोलकाता विद्यापीठाचं सायन्स कॉलेज आहे. पायाभरणी १९१४ची. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामांकित वकिलांनी आपली मोठी मिळकत त्यासाठी दिली. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस एम.एस्सी. झाल्या झाल्या इथे शिकवायला लागले, आणि १९१७ साली सी. व्ही. रामन अर्थखात्यातली चांगली सरकारी नोकरी सोडून इथे प्राध्यापक म्हणून आले. कॉलेजचं नाव निघालं की ही तीन नावं येतातच. इथूनच १९३६ साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, आणि त्या वर्गात एकट्याच मुलगी असलेल्या बिभा चौधुरींचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

तिथेच प्राध्यापक असलेले देवेंद्रमोहन बोस १९३८ मध्ये बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि बिभाही तिथे संशोधनाला गेल्या. विषय होता विश्वकिरण. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेतल्या अणूंवर आपटतात आणि त्या धडकेतून नव्या कणांचा सडा खाली पडतो. त्यात इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण असल्याचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. दोन्हींच्या मधला म्हणून त्याला ‘मेसोट्रॉन’ म्हणायचे. त्याचं वस्तुमान नेमकं किती, हा त्या काळातला खरा प्रश्न होता.

असा कण तोलायचा कसा? बोस आणि बिभा यांनी त्यासाठी फोटोची काच वापरली. फोटोग्राफिक प्लेटवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक दाणे पसरलेले असतात. विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेतले काही दाणे ‘दुखावतात’, आणि प्लेट धुतली की तेवढेच काळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ठिपक्यांची एक रांग दिसते. कण संथ असेल तर ठिपके दाट, वेगवान असेल तर विरळ. म्हणजे ठिपके मोजून वेगाचा अंदाज येतो. पण वेग कळला म्हणजे वजन कळलं असं नाही.

खरी गंमत रांगेच्या वाकडेपणात आहे. बाजारातल्या गर्दीतून भरलेली हातगाडी निघाली तर ती जवळजवळ सरळ जाते. तेवढ्याच वेगाने एखादं पोर पळालं तर धक्के खात, नागमोडी जातं. कणांचंही तसंच. थरातल्या अणुकेंद्रांजवळून जाताना कण किंचित वळतो, आणि वेग सारखा असेल तर हलका कण जास्त वळतो. ठिपक्यांवरून वेग आणि वळणांवरून संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) काढायचा, आणि दोन्हींची सांगड घालून वस्तुमान. कुठलं अवजड यंत्र नको की वीज नको. काच डोंगरावर नेऊन ठेवायची, काही महिने थांबायचं, परत आणून धुवायची, आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. हे शेवटचं काम ज्याने केलं नाही त्याला त्यातला कंटाळा कळणार नाही.

डोंगर का, तर समुद्रसपाटीला पोचेपर्यंत हवेने बरेचसे कण गिळलेले असतात. म्हणून प्लेट्स दार्जिलिंगला आणि त्याहून उंच, सुमारे १२ हजार फुटांवरच्या संदकफूला ठेवल्या गेल्या. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट निघालं. ‘नेचर’मध्ये १९४० आणि १९४१ साली या कामावरचे निबंध आले.

आणि इथेच घोडं अडलं. युद्ध पेटलेलं. हव्या तशा संवेदनशील प्लेट्स हिंदुस्थानात मिळेनात. मिळत त्या साध्या, ‘हाफ-टोन’ जातीच्या. काम पुढे सरकेना. १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने हीच पद्धत नव्या, मुद्दाम बनवून घेतलेल्या इमल्शनवर, म्हणजे प्लेटवरच्या संवेदनशील थरावर, वापरली. त्यांना दिसलं की कण एक नाही, दोन आहेत: इलेक्ट्रॉनच्या २७३ पटींचा पायॉन थांबतो आणि त्यातून सुमारे २०७ पटींचा म्युऑन बाहेर पडतो. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं.

‘बिभांचं नोबेल पळवलं’ असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्यांच्या काचांवर पायॉन आणि म्युऑन वेगळे ओळखता येणं शक्यच नव्हतं, आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता. पद्धत मात्र त्यांनी आधी वापरली होती, आणि पॉवेल यांनी नंतर आपल्या पुस्तकात तशी नोंदही केली. वैज्ञानिक श्रेयाचा हिशेब असा बारीक असतो, आणि तो बारीकच ठेवावा. मोठ्या पारितोषिकाच्या गोष्टीत मूळ काम झाकलं जातं.

बिभा पुढे मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे पीएच.डी.साठी गेल्या. १९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांतही त्या होत्या. १९९१ मध्ये त्या गेल्या.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एकेका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायला सांगितलं. भारताच्या वाट्याला सेक्स्टन्स तारकासमूहातला एक तारा आला. त्याला ‘बिभा’ हे नाव सुचवलं सुरतच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने. ग्रहाचं नाव ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला. ते सुचवलं पुण्याच्या एका शाळकरी मुलाने. हा संतमस गुरूपेक्षाही जड आहे, आणि बिभाला इतका चिकटून फिरतो की त्याचं एक वर्ष आपल्या साधारण दोन दिवसांत उरकतं.