‘डोळ्याचा जीन’ डोळा बनवत नाही

पॅक्स-६ हा ‘डोळा बनवणारा जीन’, तो चालू केला की डोळा तयार, असं गेली तीसेक वर्षं सांगितलं जातंय. याला जोर आला १९९५ साली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या गटाने हा जीन फळमाशीच्या अळीत भलत्याच जागी चालू केला आणि माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. उंदराचा पॅक्स-६ घातला तरीही उगवले. पण कोणाचे? माशीचेच, शेकडो बारीक भिंगांचे! डोळ्याचा आराखडा त्या जीनमध्ये असता, तर पायावर उंदराचा डोळा दिसायला हवा होता.

पॅक्स-६ पासून बनणारं प्रथिन डीएनएच्या ठरावीक अक्षरक्रमाला चिकटतं आणि जवळपासचे जीन चालू किंवा बंद करायला मदत करतं. काम एवढंच, आणि तेही सहसा एकट्याने नाही. भ्रूणात भिंग घडताना सॉक्स-२ हे दुसरं प्रथिन शेजारी बसतं, तेव्हा कुठे क्रिस्टॅलिनचा, म्हणजे भिंगातल्या पारदर्शक प्रथिनाचा, जीन जोरात चालतो. हाच पॅक्स-६ स्वादुपिंडात आणि मेंदूतही लागतो. तिथे कोणाला डोळे फुटत नाहीत. तिथे जोडीदार प्रथिनं वेगळी, आणि डीएनएचे उघडे, म्हणजे प्रथिनांना चिकटता येईल असे, भागही वेगळे.

शिवाय तो विजेच्या बटणासारखा नुसता चालू-बंदही नाही, प्रमाणही लागतं. माणसात त्याच्या दोनपैकी एक प्रत निकामी झाली तर दुसरी शाबूत असूनही बुबुळाचा रंगीत पडदा जवळजवळ तयारच होत नाही.