आधी शोधा, मग तोडा: व्हिक्टोरियातल्या लाकूडतोडीची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी जमिनीवरच्या नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड १ जानेवारी २०२४ पासून थांबली. कागदाची गिरणी, लाकूड कापणाऱ्या वखारी, न्यायालयं, मंत्रिमंडळ असे सगळे या निर्णयाच्या वाटेवर येऊन गेले. वाद मात्र बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: झाड पाडण्याआधी त्यावर कोण राहतं हे कुणी बघायचं?

सुरुवात ढोलीपासून करावी लागते. मेलबर्नच्या ईशान्येकडच्या डोंगरांत ‘माउंटन अ‍ॅश’ नावाचा निलगिरीचा प्रकार वाढतो. फुलझाडांमध्ये जगात सर्वांत उंच होणारं हे झाड. लेडबीटर्स पॉसम हा मूठभर आकाराचा, निशाचर, पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी त्याच्या ढोलीत कुटुंबकबिल्यासह राहतो. पण अशी ढोली तयार व्हायला झाडाचं वय साधारण सव्वाशे-दीडशे वर्षं तरी व्हावं लागतं. लाकडासाठी हेच जंगल त्याच्या बरंच आधी, सुमारे ८० वर्षांच्या फेऱ्याने, पुन्हा तोडायचं असा हिशेब असे. म्हणजे नवी झाडं कितीही लावली तरी ढोलीची वेळ येण्याआधी करवत येणार.

या पॉसमचं वर्णन १८६७ मध्ये प्रसिद्ध झालं. विसाव्या शतकात तो इतका दिसेनासा झाला की नामशेष झाला असंच मानलं जाऊ लागलं. १९६१ मध्ये मेरीसव्हिल परिसरात तो पुन्हा सापडला आणि १९७१ मध्ये राज्याचं प्राणी-मानचिन्हही झाला. मानचिन्ह होणं आणि घर शाबूत राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या दशकांत दिसलंच. तोड होणाऱ्या तुकड्याला तिथे ‘कूप’ म्हणतात (आपल्या वनखात्याच्या बोलीतही हाच शब्द रुजला आहे). कुपातली झाडं बहुतेक सरसकट तोडायची, उरलेला पालापाचोळा-फांद्या जाळायच्या आणि राखेत बी टाकायचं, अशी पद्धत.

कायद्याची चौकट १९९० च्या दशकाच्या शेवटी ठरली. कुठलं जंगल तोडायचं आणि कुठलं राखायचं हे ठरवणारे प्रादेशिक वन करार केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून केले. पुढे १९९९ च्या केंद्रीय पर्यावरण कायद्याने या करारांखालच्या तोडीला सूट दिली. धोक्यातल्या प्रजातींवर परिणाम होणार असेल तर खाणीला किंवा धरणाला केंद्राची परवानगी लागू शकते, पण करारातल्या तोडीला ती लागत नसे. प्राण्यांची काळजी राज्याचे नियम घेतील, असं गृहीत धरलं होतं. २००४ मध्ये व्हिकफॉरेस्ट्स ही सरकारी मालकीची कंपनी सुरू झाली. सरकारी जंगलातलं लाकूड तोडायचं आणि विकायचं, हे तिचं काम.

पहिला मोठा धक्का ब्राउन माउंटनचा. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्व गिप्सलँडमधल्या या जुन्या जंगलातली तोड रोखली. त्या निकालात सावधगिरीचं तत्त्व, म्हणजे हानीची पक्की खात्री नसली तरी ती टाळायची, हे केंद्रस्थानी होतं. तोडणाऱ्याने आधी पाहणी करावी, ही अपेक्षा इथे न्यायालयात ठामपणे मांडली गेली. त्याआधी, फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्याने पॉसमच्या अधिवासाचा जवळजवळ निम्मा भाग जाळला होता. उरलेल्या जंगलाची किंमत त्यामुळे एकदम वाढली. पॉसमची वसाहत सापडेल तिथे २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ तोडीतून वगळायचं, असा नियम आला. २०१५ मध्ये पॉसम केंद्राच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. पण वर्तुळ काढायला आधी मध्यबिंदू लागतो, आणि तो शोधायला रात्री विजेऱ्या आणि कॅमेरे घेऊन बऱ्याचदा स्वयंसेवकच जंगलात जात होते.

मे २०२० मध्ये फेडरल कोर्टाच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या, न्यायमूर्ती मॉर्टिमर यांनी ६६ कुपांबाबत व्हिकफॉरेस्ट्सविरुद्ध निकाल दिला. राज्याचेच नियम मोडल्यामुळे कराराची सूट लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बनिंग्ज या मोठ्या विक्रेत्या साखळीने कंपनीचं लाकूड घेणं थांबवलं. वर्षभरात त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने हा निकाल फिरवला. गंमत अशी, की नियम मोडल्याचे निष्कर्ष पीठाने पुसले नाहीत. नियम मोडले तरी केंद्रीय कायद्यातली सूट कायम राहते, असा अर्थ त्याने लावला. सूट किती रुंद आहे हे यापेक्षा स्पष्टपणे कुणी सांगितलं नसेल.

मग लढाई राज्याच्या न्यायालयात गेली आणि प्राणीही बदलला. ग्रेटर ग्लायडर म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, तोही ढोलीतच राहणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड्स यांनी आदेश दिला की तोडीआधी कंपनीनेच ग्लायडरचा नीट शोध घ्यावा. एवढी मोठी पाहणी कुपागणिक करायची म्हटल्यावर तोड जवळपास ठप्प झाली. २०२३ च्या सुरुवातीला लाकडाअभावी मेरीव्हेलच्या गिरणीतलं पांढऱ्या कागदाचं उत्पादन बंद पडलं. तोड २०३० पर्यंत थांबवायची असं सरकारने २०१९ मध्येच ठरवलं होतं. मे २०२३ मध्ये ती मुदत सहा वर्षं अलीकडे आली. वखारींतल्या कामगारांना हा निर्णय अचानक अंगावर आल्यासारखा वाटला, आणि त्यांचं चुकत नव्हतं. व्हिकफॉरेस्ट्स जून २०२४ च्या अखेरीस गुंडाळली गेली.

डोंगरांतल्या जंगलाचा मोठा भाग १९३९ च्या वणव्यानंतर उगवलेला आहे. त्यातली झाडं आता पंचाऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना ढोल्या धरायला या शतकाचा उत्तरार्ध उजाडेल.