चिकनचं कोटिंग निसटतं का?

पहिल्यांदा घरी ब्रेडेड चिकन केलं तेव्हा रंग एकदम झकास आला होता, सुरी लावली आणि वरचं अख्खं कोटिंग सालीसारखं सुटून बाजूला पडलं, आत पांढरंफटक चिकन. पार मूड गेला. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हा सगळा खेळ पाण्याचा आहे, तेलाचा नंबर नंतर.

मी चिकन धुऊन तसंच ओलं मैद्यात घोळवलं होतं. (धुवायचंच नसतं खरं तर, पाण्याने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, शिंतोडे मात्र सिंकभर उडतात.) ओल्या तुकड्यावर मैद्याची नुसती खळ होते आणि गरम तेलात त्या पाण्याची वाफ. वाफेला पाण्याच्या साधारण 1,600 पट जागा लागते, ती कोटिंगखाली अडकली की कोटिंग फुगून सुटणारच ना! म्हणून आधी टिश्यूने कोरडं टिपायचं, मग मैद्याचा पातळ थर द्यायचा, जास्तीचा झटकून टाकायचा. हा मैदा उरलीसुरली ओल पितो आणि अंड्याला धरायला खरखरीत जागा देतो, नाहीतर अंडं बुळबुळीत चिकनवरून ओघळून जातं. अंडं म्हणजे इथला गोंद, त्यातली प्रथिनं 60 ते 80 डिग्रीच्या दरम्यान घट्ट होतात आणि वरून लावलेले क्रम्स (ब्रेडचा चुरा) जागच्या जागी पकडतात. क्रम्स लावल्यावर 10-15 मिनिटं तसंच ठेवायचं म्हणजे थर एकमेकांना धरतात, मला तेवढा दम निघत नाही ही गोष्ट वेगळी.

आता तेल, 170 ते 180 डिग्री. तुकडा सोडल्यावर जे बुडबुडे येतात ते तेल उकळतंय म्हणून नाही, कोटिंगमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतंय म्हणून. ती वाफ जोरात बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. क्रम्स कोरडे झाले की मगच त्यांचं तापमान 100 च्या वर चढतं आणि 140 च्या आसपास मेलार्ड रिअ‍ॅक्शन जोर धरते, म्हणजे अमिनो आम्लं आणि साखर मिळून तो ब्राऊन रंग आणि खमंग वास तयार करतात. मेलार्ड हा फ्रेंच केमिस्ट, त्याने हे 1912 मध्ये मांडलं. कढईत एकदम सहा तुकडे कोंबले की तेल गार पडतं, हा टप्पा लांबतो आणि कोटिंग मऊ, तेलकट होतं.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे बरंचसं तेल तळताना नाही तर बाहेर काढल्यावर आत जातं. तुकडा गार होताना भोकांमधल्या वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि वर लागलेलं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे काढल्या काढल्या तेल नीट निथळायचं, आणि ठेवायचं जाळीवर. प्लेटमध्ये ठेवलं तर खालची वाफ कोंडते, काचेसारखे ताडकन तुटणारे क्रम्स पाणी पिऊन चिवट होतात.

हल्ली मी आवाजाकडे कान ठेवते, चरचर बारीक झाली की कोटिंगमधलं पाणी संपत आलं. आतलं चिकन शिजलंय का हे मात्र आवाजावरून कळत नाही, त्यासाठी सगळ्यात जाड भागात थर्मामीटर खुपसून 74 डिग्री बघायचे.