महाबळेश्वरच्या थंडीत वाईनची द्राक्षं का येत नाहीत

"तासगावच्या उन्हात एवढी द्राक्षं पिकतात, मग महाबळेश्वरच्या गारव्यात जर्मनीसारखी वाईन का होणार नाही?" साताऱ्या-सांगलीकडं हे बोलणं वर्षानुवर्षं फिरतंय. नुसती थंड हवा पुरते, हा समज चुकीचा आहे.

जर्मनीतलं मोझेल खोरं सुमारे ५० उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात तिथली वेल पानं गाळून झोपी जाते. ऐन उन्हाळ्यात दिवस १६ तासांचा. दक्षिणेकडं तोंड केलेल्या खड्या उतारांवरची पाटीच्या दगडाची जमीन दिवसा ऊन शोषते आणि रात्री ऊब परत देते. तिथल्या शेतकऱ्याची सारी धडपड उबेसाठीच असते! रीसलिंग हे तिथलं वाईनचं द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून त्यातला आंबटपणा टिकतो.

महाबळेश्वरात मात्र वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पानं सतत ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. कुणी स्ट्रॉबेरीचा दाखला देतं, पण ती पावसाळा सरताना लावतात. द्राक्षवेलीला दर पावसाळा शेतात उभ्यानं काढावा लागतो.

तासगाव, पलूस पर्जन्यछायेत आहेत, म्हणून तिथं बागा टिकल्या. इथली वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून) आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी करून तिचं चक्र शेतकरीच चालवतात. या कसबाचं कौतुक फार कमी होतं. वाईनच्या जाती लावायच्याच असतील, तर घाटमाथा सोडून खटाव-माणसारख्या कोरड्या पट्ट्यात आधी थोड्या क्षेत्रावर लावून पाहाव्यात.